हाय-गेन ट्यूब अँपपुढं ओव्हरड्राइव्ह लावला तर आवाजाचा नुसता गाळ व्हायलाय

लातूरी_ड्रॉपसी
राम राम मंडळी. दिवाळीत पुण्यावरनं एक सेकंडहँड हाय-गेन (म्हणजे आवाज लई फाडणारा) ट्यूब कॉम्बो (अँप-स्पीकर एकाच पेटीत) आणला, ६० वॅटचा, मागं दोन ६एल६ ट्यूब आहेत. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत गादीत गुंडाळून लातूरपर्यंत कसा आणला ती गोष्ट परत कधीतरी. गिटारला हंबकर पिकअप आहे, ट्यूनिंग ड्रॉप सी, म्हणजे सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत ढिली. सगळीकडं वाचलं की मेटलवाले अँपपुढं ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह पेडल लावतात म्हणून मी पण त्यातलाच टीएस-९ घेतला. आता अँपचा गेन ७ वर, पेडलचा ड्राइव्ह (आवाज फाडायचा नॉब) घड्याळातल्या दोन वाजता, लेव्हल निम्म्यावर, आणि पाम म्यूट (तळहातानं तारा दाबून) मारला की चग, तो सुटा ठोका, ऐकूच येईना, सगळा गाळ. बेसचा नॉब पार २ वर आणून बघितला, आवाज पातळ झाला पण गाळ तसाच. सोलोला पेडल दाबला तर आवाज वाढायच्या ऐवजी नुसता दबल्यासारखा होतो, मग घेतला कशाला मी तो? वरून हात तारेवरनं उचलला की अँप असा घुं करतो की घरमालक दोनदा वर येऊन गेले. २० दिवसांवर कॉलेजचं गॅदरिंग आहे. पेडल खराब आहे का अँप?

मोंढा_मार्शल
दोन्ही ठणठणीत आहेत भाऊ, नॉब उलटे लावलेस. ड्राइव्ह एकदम शून्यावर, लेव्हल फुल, टोन बारा वाजता, आणि अँपचा गेन ७ वरनं ४ वर आण. आधी एवढं कर मग पुढचं वाच.

आता कामून ते सांगतो. हा पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा बेस कमी कमी करत नेतो आणि मधला आवाज वर काढतो. तुझ्या अँपमधे आधीच गेनचे तीन-चार टप्पे आहेत, त्यात ड्रॉप सीचा सगळा बेस शिरला की तोच आधी फाटतो आणि बाकीच्याला पण घेऊन बुडतो. आणि अँपवरचा बेसचा नॉब असल्या अँपात बहुतेक करून गेनच्या नंतर असतो, म्हणून तू २ वर आणला तरी गाळ तसाच राहिला. दळण गिरणीत टाकायच्या आधी निवडावं लागतं, पीठ झाल्यावर खडे निघत नसतात. टीएस हे निवडायचं सूप आहे, तू त्यालाच दुसरी गिरणी करून ठेवलंस.

शून्यावर ड्राइव्ह म्हणजे पेडल बंद असं पण समजू नको. त्याच्या सर्किटचा हिशोब लावला तर शून्यावर सुद्धा आत साधारण १२ पट गेन असतो, मधल्या आणि वरच्या आवाजाला. पुरून उरतो.

८० च्या दशकात लोक मार्शल जेसीएम ८०० अँपपुढं हेच पेडल लावायचे ते खरंच गेन कमी पडायचा म्हणून. १९९२ मधे पीव्ही ५१५० अँप आला, गेन नको तेवढा, तरी लोकांनी पेडल काढला नाही कारण तोवर कळलं होतं की खरी मजा बेस कापण्यात आहे. पेडल तोच, काम बदललं.

गोदाकाठचा_गिटारी
मोंढासाहेबांशी सहमत पण मला स्वतःला टीएसचा तो नाकातला आवाज सहन होत नाही, खास करून आधीच मिड जास्त असलेल्या अँपला. मी नांदेडला पाच वर्षं बॉसचा एसडी-१ ओव्हरड्राइव्ह वापरायलोय, तो पण बेस कापतो, सेटिंग तेच. फक्त एक लक्षात ठेव, कुणी सांगेल की क्लीन बूस्ट (न फाडता आवाज वाढवणारा पेडल) घे, मायक्रो अँपसारखा, २६ डेसिबल देतो वगैरे. देतो ना, पण बेससकट देतो, तुझ्या केसमधे गाळ डबल.

सोलोचं म्हणशील तर ते पुढं पेडल लावून व्हायचंच नाही. रिकाम्या बादलीत पाणी ओतलं तर पातळी वाढते, भरलेल्या बादलीत ओतलं तर सगळं बाहेर. प्रीअँप (अँपमधला गेनचा भाग) आधीच भरलेला आहे, तू पुढनं कितीही ढकल, आवाज दाबला जातो, मोठा होत नाही. अँपच्या मागं सेंड-रिटर्न असं लिहिलेलं असेल बघ, तो लूप, प्रीअँपच्या नंतर लागतो. बूस्ट किंवा इक्यू (पट्ट्यांनी बेस-मिड वरखाली करायचा पेडल) तिथं लाव. माझा सात पट्ट्यांचा जीई-७ तिथंच असतो, ८०० हर्ट्झची पट्टी थोडी वर, लेव्हल ४-५ डेसिबल वर, बास. मात्र अँपचा मास्टर व्हॉल्यूम आधीच फुल असेल तर तिथं पण काही मिळणार नाही.

आणि ड्रॉप सीला तारा कुठल्या लावल्यात? १०-४६ जाडीच्या असतील तर पेडल काय करणार, खालची तार नुसती लोंबायलीय.

परभणी_जर्मनी
गेनचं पोरांनी बरोबर सांगितलं. मी घुं बद्दल बोलतो, ऑर्केस्ट्राच्या साऊंडमधे केस पांढरे झालेत माझे.

बाळा पहिलं हे बघ की गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला की घुं जातो का. गेला तर गिटारमधनं किंवा खोलीतल्या ट्यूबलाइट-अडॅप्टरमधनं यायलाय. गिटारची केबलच काढून टाकली तरी राहिला तर अँप नाहीतर लाइन. पेडल जोडल्यावरच येत असेल तर एकाच स्वस्त अडॅप्टरवर चार पेडल माळेसारखे जोडलेत का बघ, आयसोलेटेड सप्लाय (दर पेडलला वेगळी लाइन) घे नाहीतर टेस्टपुरती ९ व्होल्टची बॅटरी टाकून बघ, दोन मिनिटांत कळतं. आणि खोलीत अर्थिंग आहे का? तीन पिनचा बोर्ड आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं, आपल्याकडं निम्म्या जुन्या घरांत तिसरं भोक शोभेला असतं. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थ मधे मोज, एक-दोन व्होल्टच्या वर दिसलं तर गडबड.

आणि कुणी सांगितलं की अर्थची पिन काढून टाक, घुं जातो, तर त्याच्या घरचा चहा पण पिऊ नको. मी काढली होती. एका लग्नात हात तारांवर आणि ओठ माइकला लागला, जिभेवर असा चटका बसला की दोन दिवस तिखट खाता आलं नाही, आणि तो स्वस्तात सुटलो. ट्यूब अँपच्या आत ४००-५०० व्होल्ट असतात, प्लग काढल्यावर सुद्धा कपॅसिटरमधे बसून राहतात, मागचं पत्रं उघडायचं नाही. स्पीकर न जोडता अँप चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

अजून एक, संध्याकाळी गावाकडं लाइन १९० वर येते तेव्हा ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ च्या जागी ५.२ व्होल्टच मिळतात, आवाज मऊ लागतो. तेव्हा नॉब फिरवत बसू नका, स्टॅबिलायझर लावा.

लातूरी_ड्रॉपसी
सगळ्यांना लई लई धन्यवाद. ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल, गेन ४. पहिल्यांदा एकट्यानं वाजवलं तर वाटलं हे काय, आवाज हाडकुळा झाला, परत सगळं जुन्यासारखं केलं. मग रविवारी बेसवाला आणि ड्रमर आले तर कळलं, खालची जागा बेसवाल्याची आहे, माझा चग वरनं कट कट कट असा सुटा ऐकू यायलाय. बेसवाला म्हणाला आज पहिल्यांदा मला मी ऐकू आलो. तारा १०-४६ च होत्या 🙈 ११-५४ टाकल्या.

परभणी काका, न्यूट्रल-अर्थ मधे १४ व्होल्ट निघाले. घरमालकांना दाखवलं तर म्हणाले पंचवीस वर्षं असंच चाललंय. मग त्यांच्याच पोरानं मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं, ३ वर आले. घुं बराच गेला, सूं उरलाय.

गोदाकाठचा_गिटारी
सूं हा गेनचा, त्याला नॉइज गेट, वाजवणं थांबलं की आवाज दाबणारा पेडल. नुसता पुढं लावू नको, प्रीअँपचा सूं त्याच्यानंतर तयार होतो. चार केबलवाला असेल तर गिटार ऐकून लूपमधे दाबतो, तो घे. पाणी दर उन्हाळ्यात ओतावं लागेल हां, आणि लातूरला पाण्याचं तुला सांगायला नको.

बीड_बायपास_ब्लूज
मधेच विचारतो, माझा साधा ट्रान्झिस्टरचा ४० वॅट आहे, त्याला पण हे चालेल का?

मोंढा_मार्शल
डिस्टॉर्शन चॅनलला चालतं, सेटिंग तेच, फक्त लेव्हल फुल न करता दोन वाजेपर्यंतच ने, लवकर कर्कश होतो. क्लीन चॅनलला मात्र ड्राइव्ह वाढवावा लागेल, तिथं गिरणी तोच आहे.