दुभत्या घोडीच्या चंदीत प्रथिने किती असावीत?

तापीकाठ
सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घेतलेली आमची काठियावाडी घोडी दीड महिन्यापूर्वी व्याली. शिंगरू धडधाकट आहे; घोडीची पाठ मात्र उतरत चालली असून खरारा करताना मणके हाताला लागतात. रोज साडेसहा किलो ज्वारीचा कडबा, २ किलो गव्हाचा कोंडा आणि १ किलो भिजवलेला हरभरा देतो. छातीचा घेर १७५ सें.मी. आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी १५५ सें.मी. भरली. दुभत्या गाईंची गोळी पेंड चालू करावी, असे गावात सुचवले जाते. ती द्यावी का?

पशुवैद्य
पेंड देऊ नये. गाईम्हशींच्या काही खाद्यांत युरिया असतो, काहींत मोनेन्सिन हे खाद्यात मिसळायचे औषध असते. मोनेन्सिनची अगदी थोडी मात्राही घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करून जीव घेऊ शकते.

घेराच्या वर्गाला लांबीने गुणून ११,८८० ने भागल्यास आपल्या घोडीचे वजन सुमारे ४०० किलो येते. एवढ्या घोडीला एरवी दिवसाला सुमारे ५०० ग्रॅम प्रथिने पुरतात, परंतु व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत तीच गरज १,२०० ग्रॅमच्या घरात जाते. आपण देता त्या कडब्यातून जेमतेम ३०० ग्रॅम मिळतात, कोंड्यातून साधारण तेवढीच आणि हरभऱ्यातून २००. राहिलेली तूट ती स्वतःच्या पाठीच्या मांसातून भरून काढून शिंगराला पाजत आहे.

कडबा ३ किलोंनी कमी करून तेवढाच वाळलेला लसूणघास द्यावा (हिरवा असल्यास १२ ते १५ किलो), हरभरा २ किलो करावा, कोंडा अर्ध्या किलोवर आणावा. हा बदल आठ-दहा दिवसांत थोडाथोडा करावा आणि चंदी तीन वेळांत विभागून द्यावी, कारण घोड्याचे जठर लहान असते आणि एकदम पोटात गेलेल्या दाण्याने पोटशूळ उठतो. जंतांचे औषध दिले नसेल, तर लीद तपासून घ्यावी.

पागेवाला
कोंड्याविषयी कळकळीने लिहितो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते, त्यामुळे महिनोन्‌महिने कोंड्यावर ठेवलेल्या जनावराच्या हाडांतले कॅल्शियम ओढले जाते. आमच्या पागेतल्या एका घोडीच्या नाकाडाच्या दोन्ही बाजू अशाच फुगून टणक झाल्या आणि तिला दाणा चावताना त्रास होऊ लागला, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. लसूणघासात कॅल्शियम चांगले असल्याने वरील बदलाने दोन्ही कामे होतील. गव्हाणीत मिठाचा खडा ठेवावा आणि पाणी कधीही आटू देऊ नये.

तापीकाठ
उद्यापासून कोंडा कमी करतो. लसूणघास शेजारच्या मळ्यात आहे. पहाटे दवात कापलेला लगेच घालावा का?

पशुवैद्य
नको. दव उडाल्यावर कापावा, सावलीत पसरून थोडा सुकू द्यावा आणि कडब्याच्या कुट्टीत मिसळून घालावा. ढीग करून ठेवलेला, आतून गरम लागणारा किंवा बुरशीचा वास येणारा घास घोडीपुढे टाकू नये.