‘मोत्यांचा सर’ की ‘मोत्यांची सर’?

दागिन्याच्या अर्थी ‘सर’ हा शब्द पुल्लिंगी आहे. एक सर, तीन सर, सात सरांचा हार. पावसाची सर स्त्रीलिंगी असून तिचे अनेकवचन ‘सरी’ होते. (आमच्या सांगलीकडे ‘सरी’ म्हटले की पाऊस किंवा गळ्यातला दागिना आठवण्याआधी उसाची सरी डोळ्यांपुढे येते, ते सोडून देऊ.) ‘त्याची सर याला येणार नाही’ यातील सरही स्त्रीलिंगीच, पण तिसरी. ती मोत्यांवरून आली असावी असे वाटते खरे. परंतु बरोबरीचा अर्थ पाहता ‘सरिसा’, म्हणजे सारखा, या जुन्या शब्दाशी तिचे नाते अधिक पटते.

मोत्यांच्या माळेविषयी ‘तीन सरी’ऐवजी ‘तीन पदरी माळ’ लिहावे, असे कोणी सुचवले तर ते मला अर्धेच मान्य आहे. ‘पदरी’ रूढ आहे, त्याला चूक म्हणता येणार नाही. मात्र दोराचे पदर एकमेकांत पिळलेले असतात, सर सुटे लोंबतात. आजीचा हार गाठवून घेण्यासाठी मी सांगलीच्या गणपती पेठेकडे गेले असता पटवेकरी (दागिने दोऱ्यात गाठवणारे कारागीर) रेशमाच्या दोऱ्यात प्रत्येक मोत्यामागे बारीक गाठ मारीत होते. दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटावा, म्हणून ही गाठ. खालचा सर वरच्यापेक्षा किती लांब ठेवायचा, हे त्यांनी माझ्या गळ्याशी दोरा धरून ठरवले आणि एवढ्या वेळात ‘पदर’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही.

नामांकित स्त्रियांच्या मोत्यांविषयी लिहितानाही ‘सर’ हाच शब्द चपखल बसतो. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या गळ्यातले दोन सर 1953 मध्ये जुळी मुले झाल्यावर पतीने दिलेले होते. बडोद्याच्या गायकवाडांचा प्रसिद्ध हार मुळात सात सरांचा. त्यातील निवडक मोत्यांचा दोन सरांचा हार 2007 मध्ये सुमारे 71 लाख डॉलरला विकला गेला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींची शिफॉनची साडी आणि मोती ही जोडी तर अजून नक्कल केली जाते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलीन यांचे तीन सर मात्र नकली मोत्यांचे होते, तरी 1996 च्या लिलावात त्यांना 2 लाख 11 हजार 500 डॉलर मिळाले. त्या सरांना खऱ्या मोत्यांची सर नव्हती, असे येथे दोन्ही लिंगे सांभाळून लिहिता येते.