मदत हवी आहे: फ्रिजमध्ये ठेवलेले यीस्ट पुढच्या बियरमध्ये चालत नाही

पाचपाखाडीकर (धागाकर्ता): मागच्या बियरच्या तळाशी बसलेला यीस्टचा साका बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला होता. शनिवारी तोच नव्या वर्टमध्ये (माल्टच्या न आंबलेल्या गोड पाण्यात) घातला. आज सोमवारची रात्र झाली तरी एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या पाण्याच्या नळीत) एकही बुडबुडा नाही. वर्ट ओतून द्यावे काय, एवढेच सांगावे. दह्याचे विरजण वर्षानुवर्षे चालते, मग यीस्टला काय होते?

नेरूळवासी: कोणते यीस्ट, साका किती जुना, मागची बियर कोणती आणि वर्टची घनता आता किती, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. बुडबुड्यांवर विसंबू नये. झाकणाच्या रबरातून वायू निसटत असेल, तर आंबण्याची क्रिया जोरात चालू असूनही एअरलॉक शांत दिसतो. हायड्रोमीटरने घनता मोजावी, साखर आंबत गेली की ती उतरते. विरजण रोज ताज्या दुधात जाते म्हणून टिकते. बरणीतले यीस्ट मात्र उपाशी असते आणि फ्रिजमध्येही त्याच्या पेशी मरत राहतात.

घोडबंदर_रोड: कोपऱ्यावरच्या बेकरीतून पावाचे यीस्ट आणून घाला. जात तीच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी.

नेरूळवासी: जात तीच असली तरी वाण वेगळा. पावाचे यीस्ट तळाशी नीट बसत नाही आणि बियर गढूळ राहते.

खारघर_हिल्स: साका उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळून थोडा वेळ ठेवावा, हॉप्सचा (बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा खाली बसला की वरचे दुधाळ पाणी तेवढे निर्जंतुक बरणीत घ्यावे. मी नेहमी असेच करते.

वाशी_सेक्टर_१७: याला माझा विरोध आहे. जुन्या बियरमधले अल्कोहोल आणि आम्लता जंतूंना रोखतात, आणि पाण्याने आपण नेमके तेच संरक्षण काढून टाकतो. साका जुन्या बियरखालीच ठेवावा. ब्रुअरीत यीस्ट धुतात ते फॉस्फरिक आम्लाने, सामू २.२ च्या आसपास आणून. साध्या पाण्याने जंतू मरत नाहीत.

खारघर_हिल्स: जंतू मरतात असे मी कुठे म्हटले? चोथा वेगळा होतो, एवढेच म्हटले.

कायदेशीर: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, याची कोणालाच आठवण दिसत नाही.

पाचपाखाडीकर: परवान्याविषयी मी विचारलेले नाही. घनता १.०५० वरून जेमतेम १.०४८ झाली आहे. यीस्ट एस-०४, पाकिटातले सुके एल यीस्ट. साका गणपतीच्या आधीचा आहे, मागची बियर इम्पीरियल स्टाउट, म्हणजे तीव्र काळी बियर होती, सुरुवातीची घनता १.०९०. याने काय फरक पडतो?

नेरूळवासी: सगळा फरक यानेच पडतो. इतक्या तीव्र बियरमधून निघालेले यीस्ट थकलेले असते, त्यात ते दिवाळीच्या तोंडावर वापरलेत. साका नेहमी सौम्य बियरचा घ्यावा आणि शक्यतो दोन आठवड्यांत वापरावा. त्याहून जुना असेल तर लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम सुके माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची पूड) उकळून, गार करून, त्यात आधी यीस्ट जागे करून पाहावे. वर्टवर सुरकुतलेली पांढरी साय किंवा आंबट वास, म्हणजे जंतू शिरल्याची खूण, नसेल, तर ते ओतून न देता आजच यीस्टचे नवे पाकीट घालावे.

वाशी_सेक्टर_१७: आणि बादली ओल्या टॉवेलात गुंडाळून पाण्याच्या टबात ठेवावी. ऑक्टोबरच्या उकाड्यात एस-०४ ला विचित्र वास येतो.

पाचपाखाडीकर: आज रात्री ठाण्यात पाकीट कोण देणार?

नेरूळवासी: माझ्याकडे एक आहे. उद्या सकाळी पनवेल लोकलने नेरूळला या, आणि येताना ती बरणीही आणा. उघडल्यावर जळक्या रबराचा, म्हणजे मेलेल्या यीस्टचा, वास आला, तर उरलेला साका मोरीतच ओतावा लागेल.