वय वाढलेल्या नायिका आणि भयपट: निरीक्षणं, बारकावे लिहा

सांजवात
काल 'द सबस्टन्स' (२०२४) परत बघितला. डेमी मूर बाहेर जायला तयार होते, आरशापाशी परत येते, लिपस्टिक पुसते, पुन्हा लावते आणि शेवटी हातांनी अख्खा चेहरा खसाखसा पुसून टाकते. ते बघताना एकदम 'बेबी जेन' डोळ्यांपुढे आली. १९६२ चा सिनेमा 'व्हॉटएव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?', जेन झालेली बेटी डेव्हिस तेव्हा ५४ ची. तो पांढराफटक चेहरा तिने स्वतःच रंगवला होता. जेन तोंड धुतच नसणार, कालच्या थरावर आजचा थर चढवत असणार, हा तिचा विचार. या बायकांच्या अशा कामातलं तुम्हाला जे बारीकसारीक माहीत आहे ते लिहा ना.

निशिगंध
थराचा विचार अचूक आहे. पॅनकेक (चेहऱ्याला लावायचा वडीसारखा घट्ट मेकअप) ओल्या स्पंजने पातळ लावतात, डोळ्यांखाली तर जेमतेम. जाड लावला की वाळतो, सुरकुतीत साचतो आणि हसलं की तडकतो. एरवी ही चूक, जेनसाठी नेमकं तेच हवं होतं. त्यात सिनेमा कृष्णधवल. चेहरा पांढरा आणि डोळे-ओठ काळे, म्हणजे खड्डे पडल्यासारखे दिसतात.

कवडसा
निम्मं काम दिव्याचं असतं हो. सुरकुती दिसते ती तिच्या सावलीमुळे. मुख्य दिवा लेन्सच्या किंचित वर, समोरून, आणि हनुवटीखालून मऊ भरणीचा (सावली भरून काढणारा) प्रकाश दिला की सावली उरतच नाही. तोच दिवा बाजूला न्या, भरणी काढा. मेकअपला हातही न लावता दहा वर्षं वाढतात.

वाटसरू
'बेबी जेन'मधली दुसरी नायिका जोन क्रॉफर्ड, तिच्याबद्दल कुणीच नाही?? 'स्ट्रेट-जॅकेट' (१९६४), कुऱ्हाडीने खून करणाऱ्या बाईचा सिनेमा, त्यात तरुणपणचे प्रसंगही तिनेच केलेत. जाहिरात म्हणून प्रेक्षकांना पुठ्ठ्याच्या कुऱ्हाडी वाटण्यात आल्या होत्या.

सांजवात
@वाटसरू, कुऱ्हाडी 😄 दिग्दर्शक विल्यम कॅसलच तो, असल्या जाहिरातींसाठीच प्रसिद्ध!

रानजाई
ऑस्करचंही लिहा कुणीतरी. जेनसाठी नामांकन डेव्हिसला, पुरस्कार मिळाला अ‍ॅन बॅनक्रॉफ्टला, ती हजर नव्हती म्हणून तो घ्यायला मंचावर गेली क्रॉफर्ड! त्या सिनेमाला मिळालेलं एकमेव ऑस्कर वेशभूषेचं, नॉर्मा कॉखचं. तो बाहुलीसारखा झालर-फ्रॉक बघा म्हणजे कळेल का ते.

निशिगंध
खरंय. अशीच आणखी एक नटी बेट्सी पामर. तिने 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) हा भयपट गाडी घ्यायला पैसे हवे होते म्हणून स्वीकारला, हे ती स्वतः सांगायची. पण पडद्यावर काम बघा, कुठे हात आखडलाय का! पोटासाठी घेतलेल्या कामाला आपण उगाच कमी लेखतो, फार वाईट वाटतं.

मीनाक्षी_क
सुरकुत्या मुद्दाम वाढवायच्या असतील तर कसं करतात? लेटेक्स (पातळ रबर) ना?

निशिगंध
हो. आधी मनगटावर थोडं लावून २४ तास थांबा, लेटेक्सची अ‍ॅलर्जी जोरात येते. भुवयांवर व्हॅसलीन. दुसऱ्या माणसाने कातडी सुरकुतीच्या आडव्या दिशेने ताणून धरायची, स्पंजने पातळ लेटेक्स टिपायचं, ड्रायर थंड हवेवर, पूर्ण वाळलं की पावडर आणि मगच कातडी सोडायची. एका वेळी एवढासाच भाग. दोन-तीन थर पुरतात. फसतं ते पावडरीपाशी: राहिली तर लेटेक्स स्वतःलाच चिकटतं आणि सुरकुतीऐवजी गोळा होतो. तोंडाच्या कोपऱ्यातली कड सगळ्यात आधी सुटते, बोलणं आणि घाम दोन्ही तिथेच.

मीनाक्षी_क
बापरे. आणि डोळ्यांजवळ?

निशिगंध
डोळे मिटलेले, समोर हातपंखा. लेटेक्समध्ये अमोनिया असतो, चुरचुरतं. वाळेपर्यंत उघडू द्यायचे नाहीत. पापणीच्या केसांना लागलं तर ओढू नका, व्हॅसलीन चोळून मऊ करा, हळूहळू निघतं.

कवडसा
ताणून धरणाऱ्याचा हात सुटला की सगळं पहिल्यापासून, हेही लिहा 🙏

रानजाई
'हश हश स्वीट शार्लट' राहिलाच की! डेव्हिसचाच, क्रॉफर्डच्या जागी ऑलिव्हिया डी हॅविलंड ही नटी आली तो. रात्री लिहिते.