मदत हवी आहे: नानांवरचं भाषण, उद्या सकाळी!

पाऊलवाट:
उद्या साडेआठला लेकीचं भाषण. नानांचा व्यापार लिहून झाला, पुढे राजकारणात कसे आले तिथे गाडी अडलीय. 'कौन्सिलात निवडून आले' एवढंच लिहिलंय. कुणीतरी पटकन चार ओळी द्या.

चौकट:
कोणते नाना? फडणवीस? इयत्ता कितवी, वेळ किती?

पाऊलवाट:
अहो व्यापार म्हटलं ना, जगन्नाथ शंकरशेठ! सातवी.

बोरीबंदर:
रेल्वे घ्या. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. नाना ती चालवणाऱ्या जीआयपी रेल्वे कंपनीचे संचालक. मुलं तेवढंच कान देऊन ऐकतात.

सोनापूर_गल्ली:
त्यांनी राजकारण विचारलंय, रेल्वे नाही. ताई, 'निवडून आले' आधी खोडा. १८६२ला नानांची मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमणूक झाली. तेव्हा निवडणूक नव्हतीच, १८६१च्या कायद्याने गव्हर्नर सभासद नेमायचा. आणि खरी सुरुवात त्याच्या दहा वर्षं आधीची. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची, म्हणजे राज्य करायच्या परवान्याची मुदत १८५३ला संपणार होती, त्याआधी आपलं गाऱ्हाणं थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडायला २६ ऑगस्ट १८५२ला बॉम्बे असोसिएशन निघाली. पारशी, गुजराती, मराठी शेटजी एका खोलीत बसले, कारण पेढीवर नानांच्या शब्दाला किंमत होती. भाषणात हेच यायला हवं.

बोरीबंदर:
असोसिएशनचं काम डॉ. भाऊ दाजी लाडांनी केलं.

सोनापूर_गल्ली:
भाऊ दाजी चिटणीस होते, मान्य. पुढारपण नानांचं.

खडूफळा:
शिक्षण विसरू नका हो! बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये, म्हणजे सरकारी शिक्षण मंडळात, अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीतून शिकवण्याचा आग्रह धरून बसलेले, आणि नाना त्यांच्यासमोर देशी भाषांच्या बाजूने ठाम उभे राहिले. मराठी शाळेतल्या मुलीने हे सांगायलाच हवं.

चौकट:
मराठी शाळा आहे हे कुठे म्हणाल्या त्या? वेळही अजून सांगितली नाही.

आजोळ:
मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळायची. माझ्या आजोबांची दोन गुणांनी हुकली. नव्वदीतही ते दोन गुण कुठे गेले ते सांगायचे.

बोरीबंदर:
मुंबई सेंट्रलला नानांचं नाव कधी लागणार, ते बोला.

पाऊलवाट:
मराठी शाळाच आहे. दोन मिनिटं. 'निवडून' खोडून 'नेमणूक' केलं, सनद आणि पेरी दोन्ही घेतले. सोनापूर, खडूफळा, मनापासून आभार. आता ती विचारतेय, पेढी म्हणजे काय?

सोनापूर_गल्ली:
व्यापाऱ्याची गादी, जिथे बसून तो हिशेब आणि देवघेव करतो. 'दुकान' नका सांगू.