जवळच्या बागेतली तुमची फोटोची जागा: कशी सापडली?

बकुळ

गेली चार वर्षं मी पुण्यात घरापासून दहा मिनिटांवरच्या एकाच बागेत फोटो काढतेय. पहिलं वर्ष फुकट गेलं. कारंजं, गुलाबांचे वाफे, सिमेंटचा जिराफ. म्हणजे बागेने 'बघा' म्हणून जे मांडून ठेवलंय, तेवढंच मी काढत होते.

माझी जागा सापडली ती मागच्या कुंपणाशी, पालापाचोळा कुजायला टाकतात त्या खड्ड्याजवळ. डिसेंबरातली सकाळ, साडेसातची वेळ. माळीकाका नळीच्या तोंडावर अंगठा दाबून कुंड्यांवर पाणी मारत होते आणि मागच्या दोन वडांच्या फटीतून ऊन नेमकं त्या तुषारांवर पडलं. प्रत्येक थेंब वेगळा दिसत होता. पारंब्यांमधून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या उतरल्या होत्या. मी हातातली मेथीची जुडी तशीच कट्ट्यावर टाकली आणि मोबाइल काढला. काका म्हणाले, "रोज हितंच असतो की मी. आज काय नवीन?"

एप्रिलमध्ये त्याच वेळी गेले तर तिथे काहीच नाही. नळी तीच, काका तेच, ऊन भलतीकडून. मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. पुण्यात डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या साधारण २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. एकूण ५० अंश. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंशांची होते. म्हणजे सहा महिन्यांत उगवती पाच मुठी सरकते! माझी फट एका मुठीएवढीसुद्धा नाही. आता मला ती जागा नोव्हेंबरअखेर ते जानेवारी एवढीच मिळते, आणि एखादी सकाळ चुकली की चुटपुट लागते.

तर तुमच्या जागा सांगा. मोठी बाग, नाना-नानी पार्क, तलावाकाठ, काहीही चालेल. कुठे, कधी आणि मुख्य म्हणजे कशी सापडली. कॅमेऱ्याच्या मॉडेलवरून भांडायचं असेल तर कृपया दुसरा धागा काढा.

लोकलवाला

राणीची बाग. पण आधी कबुली: पहिल्यांदा डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून गेलो तो वार बुधवार होता. बुधवारी बाग बंद असते. गेटासमोर वडापाव खाऊन परत.

आत शिरल्यावर सगळे पेंग्विनकडे धावतात, त्यामुळे झाडांकडच्या वाटा रिकाम्या. ही बाग १८६० च्या दशकातली, प्राण्यांइतकीच झाडांसाठी बघण्यासारखी. गोरखचिंच आहे, उर्वशी आहे. उर्वशी मूळची म्यानमारची. लाल फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. पहिल्या वर्षी मी झाडाखाली उभा राहून वर कॅमेरा धरला. मागचं आभाळ पांढरंफटक आणि फूल काळं. दोन वर्षं असंच. मग एकदा एका आजींना वाट द्यायला चार पावलं मागे सरकलो आणि घोसामागे शेजारच्या झाडाचं काळपट खोड आलं. तेवढ्यानेच काम झालं. त्या आजींना कल्पनाही नसेल.

जाता जाता: ज्याच्यावरून 'काळा घोडा' हे नाव पडलं तो मूळ पुतळा १९६५ पासून इथेच आहे. दुपारच्या उन्हात काढू नका, नुसती काळी आकृती येते. ढगाळ दिवशी घोड्याच्या मानेचे स्नायूसुद्धा दिसतात.

अर्धा चहा

माझा अनुभव जागेचा नाही, शिट्टीचा आहे. बागेचं नाव घेत नाही. गळ्यात कॅमेरा दिसला की रखवालदार शिट्टी मारतो. "कॅमेरा चालणार नाही, मोबाइल चालेल." माझा कॅमेरा जुना, बारा मेगापिक्सेलचा. खिशातला मोबाइल पन्नासचा. समजावायला गेलो तर म्हणाला, "साहेब, लेन्स बाहेर आलेली दिसली की पावती." तिथेच मोबाइलवाल्या जोडप्यांची प्री-वेडिंगं धूर सोडून सुखेनैव चालू असतात.

चिखलपान

मी नाशिकची, फुलपाखरांची. माझा नियम एवढाच की बागेतला सगळ्यात दुर्लक्षित कोपरा शोधायचा. जिथे घाणेरी वाढू दिलीय, जिथे नळ गळतो. गळक्या नळाखालच्या ओल्या मातीत फुलपाखरं क्षार शोषायला बसतात (माझं टोपणनाव त्यावरूनच). एकदा बसली की बराच वेळ हलत नाहीत, कोपरावर आडवं पडून निवांत काढता येतात. सकाळी आठ ते दहा उत्तम, अंग तापवायला पंख उघडून बसतात. खुळखुळ्याचं झाड दिसलं तर तिथेच मुक्काम टाका, ब्लू टायगर आणि क्रो त्यावर तुटून पडतात.

आणि हो, ब्लू मॉर्मन म्हणजे नीलवंत. २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. आठ वर्षांत मला एकही नीट फोटो देत नाहीये. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत भिंतीपलीकडे! लोकलवाला, तुमच्या आजींना नाशिकला पाठवा.

मागच्या पावसाळ्यात तो नळ दुरुस्त केला. कोणी तक्रार केली होती म्हणे. चांगलंच झालं, पाणी वाचतं. पण मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

संत्र्याची फोड

नागपूरहून. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये साडेसातनंतर फोटो काढणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. मी सुरुवातीला मुंबईच्या मित्राने सांगितलेल्या वेळा पाळत होतो. 'पावणेसातला मस्त ऊन असतं रे.' इकडे पावणेसातला डोळे दिपतात. नंतर उमगलं, नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी उगवतो. घड्याळ एक, सूर्य वेगळा!

आता तेलंगखेडी बागेत उजाडायच्या आत पोचतो. हिवाळ्यात फुटाळा तलावाच्या बाजूने धुकट थर असतो, त्यात मागची झाडं एकामागे एक फिकट होत जातात. मला ते फिकट होणंच आवडतं. बायको म्हणते, सगळे फोटो धुवायला टाकल्यासारखे दिसतात.

पाचवी खिडकी

पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. तिथे पाणी, हिरवळ आणि पूल असे बेतलेले आहेत की कुठेही उभं राहा, फोटो 'बरा' येतो. हीच अडचण. माझ्याकडचे पहिले दोनशे फोटो पिक्चर पोस्टकार्डं आहेत.

शिवाय मी एक मूर्खपणा केला. पोलरायझर फिल्टर घेतला आणि लावूनच ठेवला. तो फिरवला की पाण्यावरची चकाकी जाते आणि खालचे मासे दिसतात. पण मला हवं होतं प्रतिबिंब! सहा महिने 'प्रतिबिंब फिकं का येतंय' म्हणून लेन्सला नावं ठेवली. एकदा फिल्टर घरी विसरलो तेव्हा उलगडा झाला.

टेम्सकाठी

लंडनमध्ये माझी 'जवळची बाग' म्हणजे रिचमंड पार्क. २५०० एकर, त्यामुळे बाग म्हणायला जीभ वळत नाही. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये भिंत घालून शिकारीसाठी हरणं राखली होती, आज सहाशेच्या वर आहेत. ऑक्टोबरात नर माजावर येतात आणि हंबरतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोणाची तरी म्हैस सुटल्यासारखं वाटलं.

साडेसातच्या सुमाराला सूर्य वर येतो. नेच्यांचं रान तांबूस झालेलं असतं, दव असतं. हरीण आपल्या आणि सूर्याच्या मधोमध आलं की हंबरताना त्याच्या तोंडातून निघणारी वाफ उजळते. त्यासाठी एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, बरंच खाली आणावं लागतं, हरीण काळं पडू द्यायचं. अंतर मात्र ५० मीटर ठेवायचं असा नियम आहे. मोबाइल घेऊन शिंगांशी सेल्फी काढणारे दर वर्षी दिसतात. मी बघायला थांबत नाही.

राजाराम खडीसाखर

कोल्हापूर. रंकाळ्यावर चौपाटीकडून सूर्यास्त सगळेच काढतात. मी पण शंभरेक काढले, सगळे सख्खे भाऊ. सूर्य बुडाला की पब्लिक भेळेच्या गाडीकडं वळतंय. खरा माल त्यानंतरच्या वीस मिनिटांत. आभाळ गर्द निळं, दिवे नुकते लागलेले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळ्यातला जुना दगडी संध्यामठ उघडा पडतोय, तेव्हा तर बघायलाच नको. ट्रायपॉड नसला तर कठड्यावर चप्पल ठेवा आणि तिच्यावर मोबाइल. हसू नका, करून बघा.

नाव नको

मला एक बोचणारं सांगायचंय. आमच्या वसाहतीच्या बागेत एका जुन्या आंब्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी होती. दुपारीसुद्धा दोघं तोंड बाहेर काढून बसायची, एक डोळा उघडा, एक मिटलेला. मी फोटो टाकला, कौतुक झालं, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला झाड कुठलं ते सांगितलं. तिसऱ्या रविवारी तिथे नऊ कॅमेरे होते आणि एकजण खोडावर काठी आपटत होता, पक्ष्याने बघावं म्हणून. मार्चपासून ढोली रिकामी आहे. कदाचित त्याचं कारण दुसरंही असेल.

बकुळ

@नाव नको, लिहिलंत ते बरं केलंत. माझी चूक, वरच्या प्रश्नात 'कुठे' हा शब्द मीच घातलाय. पक्ष्यांची घरटी, ढोल्या असतील तर बागेचं नावही देऊ नका. उन्हाच्या फटींना काही होत नाही, त्या खुशाल सांगा.

@राजाराम, चप्पल करून पाहिली. डावी जास्त स्थिर आहे.

मोबाइलवाल्यांसाठी: स्क्रीनवर उजळ भागावर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह आलं की ते खाली ओढा. तुषारांचे सगळे फोटो मी असेच काढलेत.

सायंतारा

पहिल्यांदाच लिहितेय. अजून माझी जागा कुठलीच नाही, पण उर्वशीचं वाचून राहवत नाहीये. ऑफिसला दांडी मारलीय, उद्या सकाळी पहिल्या लोकलने राणीच्या बागेत!

लोकलवाला

उद्या बुधवार आहे.