लाकडी जमिनीखालच्या पोकळीत ओल, बुरशी आणि वाळवी: आधी काय करावं?

प्रश्न
तळमजल्याची जमीन लाकडी आहे. तिच्याखाली ७० सेंमी उंचीची पोकळी (क्रॉल स्पेस), तळाला उघडी माती. दमट दिवसांत वर कुबट वास येतो. तुळयांवर राखाडी बुरशी धरली आहे, लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर २२ ते २४ टक्के दाखवतो. पायाच्या भिंतीवर आतून पेन्सिलएवढी जाड मातीची नळी तुळईपर्यंत चढलेली दिसते. चार झरोके कायम उघडे असतात. बुरशीवर ब्लीच मारून मातीवर प्लॅस्टिक अंथरलं तर पुरेल का?

लाकूडकाम
नाही पुरणार. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. मातीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा पसरा, कडा दगडांनी दाबा आणि दोन दिवसांनी उचलून बघा. खालून थेंब असतील तर ओल मातीतली, वरून असतील तर हवेतली. पुष्कळदा दोन्ही असतं.

बाहेरची जमीन पायापासून पहिल्या ३ मीटरमध्ये किमान १५ सेंमी उतरती हवी. पन्हळीचं पाणी दोन मीटर तरी लांब सोडा. एसीचं पाणी किंवा कपडे वाळवायच्या यंत्राची हवा पोकळीतच सुटत नाही ना, हेही पाहा.

ब्लीच नको. क्लोरीन वरवर काम करतं आणि त्यातलं पाणी लाकडात मुरतं. डाग फिका होतो, ओल वाढते. लाकूड १६ टक्क्यांच्या आसपास येऊ द्या, मग एन-९५ मास्क लावून तारेच्या ब्रशने घासा आणि हेपा फिल्टरच्या (अतिबारीक कण अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने ओढून घ्या. वरवरच्या बुरशीने तुळई कमकुवत होत नाही, कुजल्याने होते. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा; सहज आत गेला तर तिथलं लाकूड बदलावं लागेल.

कीडनियंत्रण
ती नळी सगळी खरवडू नका. मधला बोटभर तुकडा तोडा. काही दिवसांत बुजवला गेला तर वाळवी चालू आहे. नाही बुजवला म्हणून निर्धास्त होऊ नका, तिने वाट बदललेली असू शकते.

ही मातीतून येणारी वाळवी आहे, म्हणून नुसत्या लाकडाला औषध लावून भागत नाही. पायाच्या आतून-बाहेरून आणि प्रत्येक खांबाभोवती १५ सेंमी रुंद, तितकाच खोल चर खणून फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड द्यावं लागतं. चर बुजवताना परतीच्या मातीतही औषध हवं. नळ जिथून भिंत ओलांडतात ती भोकं हमखास राहून जातात. वाळवीला ही औषधं जाणवत नाहीत. ती त्यातून चालत जाते आणि विष वसाहतीत पोचवते. माती चिंब असेल तर औषध मुरतच नाही, म्हणूनही पाणी आधी. जवळ विहीर असेल तर परवानाधारक माणसाशिवाय हात लावू नका.

पोकळीत पडलेले फळ्यांचे तुकडे, पुठ्ठे, जुनी खुंटं आजच बाहेर काढा. घासून वाळलेल्या लाकडाला नंतर बोरेट (बुरशी आणि किडीपासून वाचवणारा बोरॉनचा क्षार) मारा. लाकूड पुन्हा भिजत राहिलं तर ते धुऊन जातं.

प्रश्नकर्ता
झरोके उघडे ठेवल्याने ओल जाते ना?

लाकूडकाम
हवा कोरडी असेल तर जाते. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं, आणि सावलीतली पोकळी तितकी गार सहज असते. अशा हवेत झरोके ओल आत आणतात.

प्लॅस्टिक सगळ्यात शेवटी, वाळवीच्या औषधानंतर. किमान ०.१५ मिमी, त्यावरून सरपटायचं असेल तर ०.२५. जोड ३० सेंमी एकमेकांवर चढवून टेप लावा, भिंतीवर १५ सेंमी चढवून थांबा. भिंतीचा वरचा ८ सेंमी पट्टा उघडाच राहू द्या. तिथे प्लॅस्टिक किंवा फोम लावला तर नवी नळी त्यामागून चढेल आणि दिसणार नाही.

एवढं करूनही आर्द्रता ६० टक्क्यांवर राहिली तर झरोके बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) बसवा, त्याचं पाणी बाहेर सोडा. पोकळीत गॅसचा बॉयलर असेल तर मात्र जाणकाराने त्याच्या ज्वलनाच्या हवेची वेगळी सोय करेपर्यंत एकही झरोका बुजवू नका.